कार्बन टिश्यूसाठी आधार निवडताना

कार्बन मुद्रण या छायाचित्रे छापण्याच्या पद्धतीतील टिश्यू म्हणजे रंगद्रव्य आणि साखर मिसळलेल्या जिलेटिनचा थर. तो ज्यावर ओतून वाळवतात, तो आधार तात्पुरता असतो. जोसेफ स्वान यांनी १८६४ मध्ये टिश्यूचे पेटंट घेतले, तेव्हापासून मूळ तत्त्व तेच आहे: प्रकाशाने वरच्या बाजूस कठीण झालेला थर थंड पाण्यात अंतिम कागदावर दाबून बसवायचा आणि मग सुमारे ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मूळ आधार सोलून काढायचा. त्यामुळे आधाराने वाळताना थर घट्ट धरावा आणि गरम पाण्यात तो मुकाट्याने सोडावा, एवढीच अपेक्षा असते.

यातले धरून ठेवणेच अधिक अवघड आहे. जिलेटिन वाळताना फार जोराने आकसते; काचेवर ओतलेला जाड थर पूर्ण वाळला तर काचेचे टवकेसुद्धा उडू शकतात. म्हणून चकचकीत, कोरी पॉलिएस्टर फिल्म टाळावी, कारण तिच्यावरचा थर कडेपासून सुटत जातो. आरेखनाची खरबरीत पृष्ठभागाची पॉलिएस्टर फिल्म किंवा युपोसारखा पॉलिप्रॉपिलीनचा कृत्रिम कागद मात्र चांगली पकड देतो. असा आधार पाण्यात फुगत नाही, त्यामुळे तीन रंगांचे थर एकावर एक जुळवायचे असतील तर माझ्या मते दुसरा पर्याय शोधू नये. शिवाय तो धुऊन पुन्हा वापरता येतो. अर्धपारदर्शक फिल्म उजेडासमोर धरली की थरात अडकलेले बुडबुडे टाचणीच्या टोकाएवढ्या फिकट ठिपक्यांसारखे दिसतात, हा वेगळाच फायदा.

कागद स्वस्त असतो आणि दोन्ही बाजूंनी वाळतो, पण संवेदक द्रावण, म्हणजे थराला प्रकाशसंवेदी करणारे डायक्रोमेटचे द्रावण, शोषून घेतो. डायक्रोमेट विषारी व कर्करोगकारक असल्याने असा कागद हाताळताना हातमोजे हवेतच. कागद गुळगुळीत, ओला असताना न फाटणारा आणि शक्यतो तुरटीविना सायझिंग (शोषकता कमी करणारी प्रक्रिया) केलेला असावा, कारण तुरटीने जिलेटिन कठीण होते. खडबडीत जलरंगाच्या कागदावर उंचवट्यांपाशी थर पातळ राहतो, आणि प्रकाशाचा परिणाम तिथे तळापर्यंत पोचला तर गडद छटा आधारालाच चिकटून निघून जातात.

नवा आधार वापरण्यापूर्वी त्याच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर एक मिलिमीटर जाडीचे जिलेटिनचे द्रावण, संवेदक न घालता, ओतावे. (२० × २५ सेंटिमीटरच्या पूर्ण टिश्यूला याच जाडीने सुमारे ५० मिलिलिटर लागते.) पूर्ण वाळल्यावर कोपरा हलकेच वाकवावा, थर तडकून सुटला तर पकड अपुरी आहे. टिकला तर तुकडा ४० अंशांच्या पाण्यात सोडावा आणि जिलेटिन पूर्ण विरघळते का पाहावे. बुळबुळीत पापुद्रा मागे राहिला तर तो आधार बाद करावा. ही चाचणी कोरड्या हवेच्या दिवशी घ्यावी, कारण कोकणातल्या पावसाळी दमट हवेत थर पुरता आकसतच नाही आणि कमकुवत आधारही उत्तीर्ण होतो.