मुलाची सवय की तपासणीची गरज? ठरवायचं कसं

पंखा फिरताना एकटक बघणं, गाड्या रांगेत लावणं, चवड्यांवर चालणं. बोलण्यात किंवा माणसांत मिसळण्यात मूल मागे आहे का, स्वमग्नता (ऑटिझम) तर नाही ना, अशी शंका आली की अशा लकबी मोजत बसू नका, त्या कुठल्याही मुलात अधूनमधून दिसतात. मूल काय करत नाही तिकडे लक्ष द्या.

पुढे दिलेल्यांपैकी काही असेल तर निरीक्षणात वेळ न घालवता थेट डॉक्टरांची वेळ घ्या: १२ महिन्यांपर्यंत बडबड नाही किंवा टाटा करणं, बोट दाखवणं असे हातवारे नाहीत, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, १८ महिन्यांपर्यंत चालत नाही, २४ महिन्यांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही (ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणणं धरायचं नाही). वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरत असेल तर तेही दाखवा. आणि येत असलेलं बोलणं किंवा माणसांत मिसळणं कुठल्याही वयात मागे पडलं, तर त्याच आठवड्यात जा.

वेळेआधी जन्मलेल्या मुलाचं वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करून धरा: ८ आठवडे आधी जन्मलेलं १२ महिन्यांचं मूल म्हणजे साधारण १० महिन्यांचं. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द मिळून मोजा.

श्रवणचाचणी करून घ्याच. दार आपटल्यावर दचकतं म्हणजे ऐकू येतं, हा समज चुकीचा. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं की मोठे आवाज पोचतात, बोलण्यातले बारीक आवाज मात्र निसटतात.

वरच्या यादीतलं काही नसेल, तरी शंका असेल, तर दोन आठवडे निरीक्षण करा. घोळ होतो तो याच टप्प्यावर. घरातली माणसं नकळत मुलाला मदत करतात आणि मग ‘सगळं येतं की त्याला’ म्हणतात. नावाला प्रतिसाद बघायचा तर टीव्ही बंद करा, मुलाच्या मागे दोन मीटरवर उभे राहा आणि नेहमीच्या आवाजात एकदाच हाक मारा. स्पर्श नाही, टाळी नाही, खाऊचं नाव नाही. मनात पाचपर्यंत मोजा. दिवसातून एक-दोनदाच करा. सारखं बोलावलं की कुठलंही मूल कंटाळून दुर्लक्ष करतं. दहा हाकांपैकी किती वेळा वळलं ते लिहा.

बोट दाखवण्यात दोन प्रकार असतात आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. ‘ते दे’ म्हणून दाखवणं वेगळं, ‘ते बघ, पक्षी!’ म्हणून दाखवून तुमच्याकडे वळून बघणं वेगळं. दीड वर्षाच्या मुलात दुसरं दिसायला हवं. तुमचा हात धरून डब्यावर नेऊन ठेवणं यात मोडत नाही. बाहुलीला भरवणं, खोटा फोन कानाला लावणं असा लटका खेळही याच सुमारास सुरू होतो. तो आहे का पाहा.

वहीत मतं नकोत. ‘हट्टी आहे’ यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. ‘चपला घालताना २० मिनिटं रडला, डावी आधी घातल्यावर थांबला’ यातून कळतं. एक-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढा, विचित्र वाटणारे आणि साधे दोन्ही. पाळणाघरातल्या ताईंना तुमची वही न दाखवता त्यांचं निरीक्षण विचारा.

घरी आणि बाहेर तीच उणीव दिसली, किंवा एखाद्या लकबीमुळे जेवण, झोप, खेळ अडत असेल, तर मूल्यांकन करून घ्या. लकब आहे, पण हाक मारल्यावर मूल त्यातून बाहेर येतं, गंमत तुम्हाला आणून दाखवतं, तर तीन महिन्यांनंतरची तारीख कॅलेंडरवर लिहून पुन्हा बघा.

‘मुलगे उशिराच बोलतात’ या सल्ल्याकडे सरळ काणाडोळा करा. वर दिलेल्या वयाच्या मर्यादा मुलगा-मुलगी दोघांना सारख्याच. ‘याचा बाबाही उशिरा बोलला’ ही डॉक्टरांना आवर्जून सांगायची माहिती आहे, दिलासा नव्हे.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी २० प्रश्नांची एम-चॅट ही प्रश्नावली भरून घेतली जाते. तीत गुण जास्त आले म्हणजे स्वमग्नतेचं निदान झालं असं नाही. पुढची तपासणी हवी, एवढंच. तिची वेळ लांबची मिळाली तरी स्पीच थेरपी थांबवून ठेवू नका, त्यासाठी निदानाचा कागद लागत नाही. आणि डॉक्टर ‘थांबून पाहू’ म्हणाले तर विचारा: किती आठवडे, आणि तोवर नेमकं काय दिसायला हवं? याचं नीट उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या तज्ज्ञाकडे जा.