पस्तीस वर्षं पुढे, साडेतीन किलो गव्हात : भविष्यसफरीची विनोदी बालकथा कशी लिहावी

उडत्या गाड्या आणि स्वयंपाक करणारे यंत्रमानव यांना आठ-नऊ वर्षांचं मूल आता हसत नाही. ओळखीच्या माणसाची गोची झाली की मात्र ते खुदकन हसतं. म्हणून भविष्यात जाणाऱ्या विनोदी कथेत जगातली एकच गोष्ट बदलायची, बाकी घरदार ओळखीचं ठेवायचं आणि सालांचा हिशेब दाण्यादाण्याने जुळवायचा. खाली एक कथा टप्प्याटप्प्याने रचून दाखवली आहे. वाचक ८ ते ११ वर्षांचा धरला आहे, लांबी २००० शब्द. एवढी कथा मोठ्याने वाचायला पंधरा-सोळा मिनिटं लागतात आणि एका बैठकीत मूल तेवढंच टिकतं.

आधी साल ठरवा

३० ते ४० वर्षं पुढचं साल विनोदाला सगळ्यात सोयीचं. दहाच वर्षं पुढे गेलात तर फार काही बदलत नाही. शंभर वर्षं पुढे गेलात तर घरातलं कोणीच उरत नाही आणि कथा नकळत उदास होते. पस्तीस वर्षांत आई-बाबा म्हातारे होतात, धाकटा भाऊ टकला होतो, आणि सगळ्यांशी भांडता येतं.

तारीखही अर्थपूर्ण असू द्या, म्हणजे उतरल्या उतरल्या समोर काहीतरी घडत असेल. १ मे २०६० घ्या. त्या दिवशी महाराष्ट्र राज्याला १०० वर्षं पूर्ण होतात. शाळेला सुट्टी असते आणि लग्नसराई जोरात असते. पण त्या दिवशी शनिवार आहे, म्हणजे २०६० मधली मुलं ‘सुट्टी वाया गेली’ म्हणून चिडलेली असणार. हा विनोद कॅलेंडरनेच दिला. दुसऱ्या कथेसाठी २०६१ ठेवून द्या, त्या वर्षी हॅलेचा धूमकेतू परत येतो. २१०० साल लीप वर्ष नाही. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्याचा वाढदिवस २०९६ नंतर थेट २१०४ मध्ये येतो, एवढ्यावर एक अख्खी गोष्ट उभी राहील.

साल ठरलं की वहीत वयांचा तक्ता करा. आपल्या कथेची नायिका ओवी २०२५ मध्ये १० वर्षांची, म्हणजे २०६० मध्ये ४५. तिचा धाकटा भाऊ नील ६ चा ४१ होतो, आई ३८ ची ७३, आजी ६३ ची ९८. हा तक्ता लिहिताना समोरच ठेवा. बहुतेक चुका इथेच होतात: तिसऱ्या पानावर आजी ९८ ची, सातव्यावर ९५ ची. मुलं बोटांवर मोजतात आणि मोठ्याने सांगतात.

आजीबद्दल मूल विचारणारच. विनोदी कथेत ‘आजी आता नाही’ असं एका ओळीत उरकू नका, पुढची दोन पानं कोणी हसणार नाही. तिला ९८ वर्षांची, ठणठणीत आणि सगळ्या इमारतीला धाकात ठेवणारी करा.

यंत्र: घरातलं, जड आणि तीन नियमांचं

पुढे जायला फारसं समर्थन लागत नाही. प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाने जाणाऱ्या यानात एक वर्ष गेलं तर पृथ्वीवर सुमारे दहा वर्षं जातात, हे भौतिकशास्त्रच सांगतं. आपल्याकडची जुनी कथाही तेच करते. भागवत पुराणातला ककुद्मी राजा आपल्या मुलीसाठी, रेवतीसाठी, नवरा कोण निवडावा हे विचारायला ब्रह्मदेवाकडे जातो, तिथे गाणं चाललेलं असतं म्हणून जरा थांबतो, तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटतात. त्याने मनात योजलेल्या वरांचे पणतूही उरलेले नसतात आणि ब्रह्मदेव हे सांगताना हसतात. विनोदाची जागा पाहा: गेलेल्याला वाटतं क्षणभर थांबलो, आणि इकडे सगळा बेत जुना होऊन गेलेला.

पण ककुद्मीला मागे यायचं नव्हतं, तुमच्या नायिकेला यायचं आहे. म्हणून नियम परतीसाठी करायचे. आपल्या कथेत यंत्र म्हणून घरघंटी घेऊ. ती बऱ्याच घरांत आहे, तिचा आवाज मुलांना माहीत आहे, जड असली तरी चाकांवर ढकलता येते. नियम तीनच:

१. एक किलो गहू दळला की दहा वर्षं. साडेतीन किलो म्हणजे पस्तीस.

२. जाळी सुलट बसवली तर पुढे, उलटी बसवली तर मागे.

३. अख्खा दाणाच लागतो. पिठाचं पुन्हा दळण होत नाही.

चौथा नियम सुचला तर आधीचा एक काढा. नियम समजावून सांगणारं पात्रही नको, ते कृतीतून कळू द्या. पहिली ओळ अशी चालेल: ‘ओवीने दळण लावलं तेव्हा २०२५ साल होतं. पीठ काढलं तेव्हा २०६०.’ यंत्राच्या वर्णनाला ४० शब्द पुरे. दिवे, बटणं आणि पडदे यांची यादी दिलीत की वाचक पान उलटतो.

नियमाला आकडा असला की शेवट आपोआप हाती येतो. १०० ग्रॅम म्हणजे एक वर्ष, एक ग्रॅम म्हणजे साडेतीन दिवसांहून थोडं जास्त. गव्हाचा एक दाणा सुमारे ०.०४ ग्रॅमचा, म्हणजे एक दाणा साधारण साडेतीन तासांचा. मुलं दुपारी २ ला निघाली, २०६० मध्ये तीन तास राहिली, तर घरी ५ ला पोचायला हवीत. परतीच्या गव्हातला एकच दाणा कबुतराने पळवला तर ती पोचतात रात्री साडेआठला. ओरडा बसण्याइतका उशीर झाला, आई पोलिसांत जाण्याइतका नाही. विनोदी कथेत नुकसान एवढंच हवं. पन्नास ग्रॅम कमी पडले तर मुलं सहा महिने बेपत्ता राहतात आणि गोष्टीचा सूरच बदलतो.

दोघं जाऊ देत, एक मागे राहू दे

एकट्या मुलाला स्वतःशीच बोलावं लागतं आणि तिघं-चौघं असली की कोण बोललं ते कळत नाही. दोघं ठीक. ओवी आधी करते, मग विचार करते. शेजारचा समीर सगळं मोजतो आणि त्याला सतत भूक लागते. त्यांची वाक्यं नाव न लिहिता ओळखू यायला हवीत.

नीलला मात्र घरीच ठेवा, ‘तू लहान आहेस’ असं सांगून. हा अपमान पस्तीस वर्षं मुरतो आणि कथेतला सगळ्यात चांगला प्रसंग देतो:

“दादा म्हण,” नील म्हणाला.

“तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेस.”

“होतो. आता एकतीस वर्षांनी मोठा आहे. दादा म्हण.”

इथे आकड्याशिवाय विनोद उभाच राहत नाही, म्हणून तक्ता हवा.

आता अवघड प्रश्न. ४५ वर्षांची ओवी कुठे आहे? दोनच उत्तरं शक्य आहेत. मुलं परत गेली नसतील, तर २०६० मध्ये मोठी ओवी नाहीच, ती पस्तीस वर्षं हरवलेली आहे. परत गेली असतील, तर मोठी ओवी आहे आणि तिला सगळं आठवतं. एक निवडा. अर्ध्या कथेत हे आणि अर्ध्यात ते, हा या प्रकारात वारंवार दिसणारा घोटाळा आहे. दुसरं उत्तर विनोदाला चांगलं, पण त्यात धोका असा की सगळं माहीत असलेली मोठी ओवी मदतीला आली की साहस संपलं. तोडगा: ती त्या दिवशी मुद्दाम सावंतवाडीला गेली आहे, कारण तिला पक्कं आठवतंय की आपली भेट झाली नव्हती. मुलं या तर्कावर जाम खूश होतात.

नीललाही आठवत असणार. त्याच्या तोंडी बोलता बोलता एक वाक्य टाका: “साडेआठला आलात तुम्ही त्या दिवशी. आईने कान पिळला होता.” तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही. शेवटी दाणा हरवतो तेव्हा येतं.

एकच बदल, तीनदा वापरायचा

उतरण्याची जागा आजच्या वास्तवातून काढा. ओवीचं घर तिसऱ्या मजल्यावर. पस्तीस वर्षांत इमारतीचा पुनर्विकास झाला, बावीस मजली टॉवर उभा राहिला, आणि तिसरा मजला आता पार्किंगचा आहे. मुलं घरघंटीसकट गाड्यांच्या रांगेत उतरतात आणि घरघंटीला चुकीच्या जागी उभं राहिल्याबद्दल दंड होतो. यात कल्पनेचा ताण नाही, म्हणून मोठेही हसतात.

मग तो एक बदल. आपण ठरवू: २०६० मध्ये वस्तू बोलतात आणि भारी अगत्यशील आहेत.

“कोणाकडे?” लिफ्टने विचारलं.

“एकोणिसाव्या मजल्यावर.”

“मजला कळला. कोणाकडे ते विचारतेय. आणि जेवून आलात का?”

पहिल्यांदा हा बदल गमतीचा वाटावा. दुसऱ्यांदा तो आड यावा: घाई आहे आणि नीलच्या घराचं दार ‘असं उपाशी कसं जाऊ देऊ’ म्हणत उघडेना. तिसऱ्यांदा त्यानेच सुटका करावी. मुलांना साडेतीन किलो अख्खा गहू हवा आहे आणि २०६० मध्ये घरात कोणी धान्य ठेवत नाही. पण चौकस लिफ्टला सगळं ठाऊक आहे: एकोणिसाव्या मजल्यावर लग्न आहे आणि ओटी भरायला गहू आणला आहे. बदलाचा असा शेवटी उपयोग झाला नाही तर तो नुसती सजावट ठरतो. पाच वेगवेगळे बदल घेतले तर एकही तिसऱ्यांदा वापरायला जागा उरत नाही.

ओटीचा गहू जमवण्याच्या प्रसंगाला कथेत सगळ्यात जास्त जागा द्या. घरी ओंजळभर गहू काट्यावर ठेवा आणि तो आकडा समीरच्या तोंडी घाला. किती ओंजळी लागतील ते तोच मोजेल, आणि दर वेळी ‘बसा, जेवून जा’ ऐकून त्याचा निश्चय डळमळेल. गव्हाला हळदकुंकू लागलेलं असणार, म्हणजे परतल्यावर पीठ पिवळट आणि आईला न सुटणारं कोडं. दाणे ओलसर असतील तर जाळी तुंबते, घरघंटी वापरणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. ऐन निघताना ती तुंबू द्या. आजीने येऊन ब्रशने जाळी साफ करावी आणि लिफ्टला गप्प बसवावं.

शब्दांची वाटणी ढोबळमानाने अशी: निघेपर्यंत २५०, पार्किंग आणि लिफ्ट ३५०, नील ४००, गव्हाची शोधाशोध ६००, परत निघणं ३००, घरी पोचल्यावर १००. पहिला टप्पा २५० च्या वर गेला की काटछाट तिथूनच सुरू करा. तो नेहमी फुगतो, कारण लेखकाला घर दाखवायचं असतं आणि वाचकाला निघायचं असतं.

काय टाळायचं

भविष्य दाखवता दाखवता पाणी वाचवा, झाडं लावा असं सांगायचा मोह होतो. विषय मोलाचा आहे, पण एखादं पात्र भाषण करू लागलं की मूल शाळेत गेल्यासारखं सावरून बसतं आणि हसू जातं. सांगायचंच असेल तर प्रसंगात टाका: १ मेला दुपारी दोनला बाहेर पाऊल टाकायला छत्रीच नकार देते, “ऊन उतरू दे, मग जाऊ.”

‘आणि ओवीला जाग आली’ हा शेवट करू नका. दोन हजार शब्द विश्वास ठेवणाऱ्या वाचकाशी तो अन्याय आहे. वडापाव पाचशे रुपयांना, हा विनोद एकदा चालेल, आणि तोही किमतीवर न थांबता. समीरने खिशातली दहाची नोट पुढे केल्यावर विक्रेत्याने ती काचेत लावायला मागितली, तर त्यात काही घडतं. जाडेपणा, टक्कल, तोतरेपणा यांवर हसवायचं नाही. नीलचं टक्कल दिसू द्या, पण हसू त्याच्या ‘दादा म्हण’ला येऊ द्या.

भविष्यातली माणसं इंग्रजी मिसळून बोलायला हवीत असंही काही नाही. ती आपल्यासारखीच बोलोत, फक्त एखादा वाक्प्रचार मागची वस्तू हरवून उरलेला असावा. ‘तेच तेच दळण लावू नकोस’ म्हणणाऱ्या नीलच्या मुलीने घरघंटी पाहून “हे काय आहे?” असं विचारावं.

तपासणी

पहिला खर्डा चार दिवस बाजूला ठेवा. मग वाचताना हिशेब आधी तपासा: प्रत्येक वय, प्रत्येक वेळ, गव्हाचं प्रत्येक वजन. निघताना जाळी सुलट आणि येताना उलटी लिहिली आहे ना, ते पाहा. नील कोणत्या प्रसंगात काय जाणतो, तेही.

त्यानंतर त्या वयाच्या तीन-चार मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांना ‘आवडली का’ विचारू नका, ती हो म्हणतात. वाचताना कागदाच्या कडेला खुणा करा: हसली तिथे टिंब, हात-पाय हलवू लागली तिथे रेघ. लागोपाठ दोन रेघा आल्या की तो परिच्छेद निम्मा करा. शेवटी एकच प्रश्न विचारा, ‘ती साडेआठला का पोचली?’ दाण्याचं उत्तर आलं तर कथा पाठवायला हरकत नाही. नाही आलं, तर कबुतराचा प्रसंग दोन वाक्यांनी वाढवा आणि दुसऱ्या मुलांना वाचून दाखवा.