स्मार्ट टीव्ही तुम्ही काय बघता ते टिपतोय, ते बंद कसं करायचं

मागच्या महिन्यात मावशीकडे नवीन टीव्ही आला आणि तो लावून द्यायला मी गेले होते. वायफायचा पासवर्ड टाकल्या टाकल्या एक स्क्रीन आली, त्यावर चार-पाच चौकोन, प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरात दोन-दोन ओळी आणि सगळ्यात खाली एकच मोठं ठळक बटण, 'सर्व मान्य'. कर्सर आधीपासूनच त्या बटणावर येऊन थांबलेला. काही न वाचता ओके दाबलं की पुढे जाता येतं, पण एखादी गोष्ट नाकारायची असेल तर बाण दाबत दाबत वर जा, चौकोन उघडा, आतला मजकूर खाली सरकवत वाचा, मग परत बाहेर या. मावशी मागून म्हणतेय, "अगं दाब ना ओके, सिरियल सुरू होईल आता." मी दाबलं नाही, एकेक उघडून वाचलं, आणि त्यातल्या एका चौकोनात सरळ लिहिलेलं होतं की टीव्हीवर काय बघितलं जातं याची माहिती गोळा करून जाहिरातींसाठी वापरली जाईल.

तुमच्या घरी टीव्ही लागून वर्ष-दोन वर्षं झाली असतील तर ते ओके बहुतेक दाबून झालंय, आणि दाबताना कुणाच्या लक्षातही आलं नसेल. पण ही परवानगी नंतरही काढून घेता येते, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, म्हणून हे लिहितेय.

आधी हे नेमकं काय असतं ते

याला एसीआर म्हणतात, म्हणजे ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन. टीव्ही स्वतःच्याच पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे बारीक बारीक नमुने घेत राहतो, त्यांचा एक ठसा बनवतो, आपल्या बोटाच्या ठशासारखाच, आणि तो ठसा कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. तिथे हजारो कार्यक्रमांचे, सिनेमांचे, जाहिरातींचे ठसे आधीच साठवलेले असतात, त्यांच्याशी जुळवलं की कळतं या घरात आत्ता हे चाललंय. २०२४ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि स्पेनमधल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींमधून बाहेर जाणारा डेटा तपासला होता, त्यात सॅमसंग दर ५०० मिलिसेकंदाला म्हणजे सेकंदातून दोनदा आणि एलजी दर १० मिलिसेकंदाला नमुना घेतो असं नोंदवलंय.

आता यातली मला सगळ्यात खुपणारी गोष्ट सांगते. एसीआर पडद्याकडे बघतं, त्यामुळे चित्र कुठून येतंय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. त्याच अभ्यासात दिसलं की टीव्हीला एचडीएमआय केबलने दुसरं काही जोडलं, म्हणजे लॅपटॉप किंवा गेमिंग कन्सोल, आणि टीव्ही नुसता पडदा म्हणून वापरला तरी ठसे जातच होते. आपल्याला वाटतं लॅपटॉप माझा, केबल माझी, टीव्हीचा काय संबंध, तर संबंध आहे. उलट नेटफ्लिक्स, यूट्यूब अशा दुसऱ्या कंपन्यांच्या अॅपवर बघताना मात्र एसीआर तसं चालत नव्हतं असं त्यांना आढळलं, अर्थात ती अॅप आपला हिशोब आपण ठेवतातच.

हे नुसतं संशयावर चाललेलं बोलणं नाही. अमेरिकेत व्हिझिओ या टीव्ही बनवणाऱ्या कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने आणि न्यू जर्सी राज्याने कारवाई केली, २०१७ मध्ये २२ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटलं. आरोप असा होता की १ कोटी १० लाख टीव्हींवरून लोकांना नीट न सांगता सेकंदासेकंदाची माहिती घेतली, त्याला वय, उत्पन्न, लग्न झालंय की नाही असले तपशील जोडले जातील अशी सोय केली आणि ती पुढे विकली. त्यात आधी विकलेल्या जुन्या टीव्हींमध्येसुद्धा हे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून नंतर घातलं होतं, हे लक्षात ठेवा, पुढे याचा उपयोग आहे.

पायरी १: एसीआर बंद करा, ते वेगळ्याच नावाने लपलेलं असतं

मेनूमध्ये 'एसीआर' किंवा 'ट्रॅकिंग' शोधाल तर बहुतेक टीव्हीत ते सापडणार नाही. प्रत्येक कंपनीने त्याला छानसं वेगळं नाव दिलंय आणि ऐकून वाटतं ही काहीतरी सोयच आहे. मॉडेल आणि वर्षाप्रमाणे रस्ता थोडा बदलतो, पण नावं ही अशी:

सॅमसंग: सेटिंग्जमध्ये टर्म्स अँड प्रायव्हसी शोधा, काही मॉडेलमध्ये ते सपोर्टच्या आत असतं तर काहींमध्ये जनरल अँड प्रायव्हसीच्या आत. तिथे प्रायव्हसी चॉइसेस उघडून 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस' वरची टिक काढा, शेजारची 'इंटरेस्ट बेस्ड अॅडव्हर्टायझिंग' पण काढा.

एलजी: इथे दोन ठिकाणी जायचंय आणि बरेच जण एकच करून थांबतात. एक म्हणजे जनरल, मग सिस्टिम, मग अॅडिशनल सेटिंग्ज, तिथे 'लाइव्ह प्लस' बंद करा. दुसरं म्हणजे युजर अॅग्रीमेंट्स, तिथे व्ह्यूइंग इन्फर्मेशन, व्हॉइस इन्फर्मेशन आणि जाहिरातीचे करार वेगवेगळे दिसतात, ते एकेक करून काढून टाका.

सोनी: बऱ्याच मॉडेलमध्ये हे काम साम्बा टीव्ही नावाची दुसरीच कंपनी करते, म्हणून सेटिंग्जमध्ये 'साम्बा इंटरॅक्टिव्ह टीव्ही' दिसलं तर ते डिसेबल करा. शिवाय हे टीव्ही गूगलच्या सिस्टिमवर चालतात, तर प्रायव्हसीमध्ये जाऊन 'युसेज अँड डायग्नोस्टिक्स' पण बंद करा. गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्ही असलेल्या बाकीच्या कंपन्यांनाही हे लागू आहे.

रोकू (ही टीव्हीची एक सिस्टिम आहे, गूगल टीव्हीसारखीच) असलेले टीव्ही: प्रायव्हसी, मग 'स्मार्ट टीव्ही एक्सपीरियन्स', तिथे 'यूज इन्फर्मेशन फ्रॉम टीव्ही इनपुट्स' वरची टिक काढा.

फायर टीव्ही (अॅमेझॉनचा): प्रेफरन्सेस, मग प्रायव्हसी सेटिंग्ज, तिथे डिव्हाइस युसेज डेटा, अॅप युसेज डेटा आणि इंटरेस्ट बेस्ड अॅड्स, तिन्ही बंद.

व्हिझिओ: सिस्टिम, मग रिसेट अँड अॅडमिन, तिथे 'व्ह्यूइंग डेटा' ऑफ.

यात तुमची कंपनी नसेल तर व्ह्यूइंग, इंटरॅक्टिव्ह, इंटरेस्ट, पर्सनलाइज्ड हे शब्द जिथे दिसतील तो प्रत्येक ऑप्शन उघडून वाचा, एक तरी तुमच्या कामाचा निघेल. बंद करताना टीव्ही कधी कधी सांगतो की काही सुविधा चालणार नाहीत. मावशीच्या टीव्हीवरही तसंच आलं आणि ती घाबरली, पण नंतर तिची सगळी चॅनल, सगळी अॅप नीट चालत होती, होम स्क्रीनवरच्या शिफारशी तेवढ्या बदलल्या.

बंद केल्याने खरंच बंद होतं का, हा प्रश्न मलाही पडला होता. वरच्याच अभ्यासात या परवानग्या काढून घेतल्यावर एसीआरच्या सर्व्हरकडे जाणारा डेटा थांबला असं दिसलं. उलट नुसतं टीव्हीच्या अकाउंटमधून लॉगआउट करण्याने काही फरक पडला नाही, त्यामुळे 'मी लॉगइनच केलेलं नाही' म्हणून निर्धास्त राहू नका.

पायरी २: जाहिरातीचा आयडी

फोनला असतो तसा टीव्हीलाही एक जाहिरात आयडी असतो, वेगवेगळ्या अॅपना तुम्ही एकच घर आहात हे त्यावरून कळतं. २०१९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या आणि इतर संशोधकांनी रोकू आणि फायर टीव्हीवरची दोन हजारांहून जास्त चॅनल, म्हणजे तिथली अॅपच, तपासली तेव्हा रोकूच्या ६९ टक्के आणि फायर टीव्हीच्या ८९ टक्के चॅनलमध्ये ट्रॅकर, म्हणजे तुमच्यावर पाळत ठेवणारे दुसऱ्या कंपन्यांचे सर्व्हर, सापडले होते. तर प्रायव्हसी किंवा अॅड्सच्या मेनूत जाऊन हा आयडी डिलीट करा, डिलीटची सोय नसेल तर रिसेट करा आणि पर्सनलाइज्ड जाहिराती बंद करा. जाहिराती दिसायच्या थांबणार नाहीत, फक्त तुमच्या सवयींवरून निवडलेल्या नसतील.

वापरत नसलेली अॅपही याच वेळी काढून टाका.

पायरी ३: माइक आणि कॅमेरा

आवाजाने टीव्ही चालवत नसाल तर व्हॉइस रेकग्निशनचा करार काढून घ्या. काही टीव्हीत माइक रिमोटमध्ये असतो आणि बटण दाबल्यावरच ऐकतो, काहींमध्ये टीव्हीतच असतो आणि त्याला बंद करायला कडेला किंवा खाली छोटा स्विच असतो, हात फिरवून बघा. कॅमेरा असेल तर आत ढकला, नाहीतर चिकटपट्टी लावा.

पायरी ४: राउटरवर जाऊन खात्री करा

इथे थोडी मेहनत आहे पण मला हीच पायरी सगळ्यात आवडते, कारण टीव्ही काय म्हणतो ते सोडा, तो काय करतोय ते इथे दिसतं. राउटरच्या अॅपमध्ये जोडलेल्या डिव्हाइसची यादी उघडा आणि टीव्ही रिमोटने बंद करून बघा. मी बघितलं तेव्हा लाल दिवा लागलेला, पडदा काळा, आणि यादीत टीव्ही तसाच कनेक्टेड! रिमोटने बंद म्हणजे स्टँडबाय, भिंतीवरचं बटण बंद केल्याशिवाय तो पूर्ण बंद होतच नाही.

राउटरला गेस्ट नेटवर्क असेल तर टीव्ही त्यावर टाका, म्हणजे घरातले फोन, लॅपटॉप त्याच्यापासून वेगळे राहतील. कॉम्प्युटरची आवड असेल तर पाय-होल सारखं डीएनएस फिल्टर (घरातली उपकरणं इंटरनेटवर कोणत्या पत्त्यांकडे जातात ते टिपणारं आणि नको ते अडवणारं सॉफ्टवेअर) लावून टीव्ही कुणाकुणाला हाका मारतोय ते नावानिशी बघता येतं आणि अडवताही येतं, फक्त एकदम सगळं अडवू नका, एकेक नाव अडवून अॅप चालतंय ना ते बघत जा.

आणि टीव्हीवर फक्त केबल किंवा सेट टॉप बॉक्सच बघत असाल तर सरळ त्याचं इंटरनेटच काढा. नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन वायफाय 'फरगेट' करा, लॅनची वायर असेल तर ती पण काढा. ठसे बनले तरी बाहेर जायला वाटच नाही. स्ट्रीमिंग हवं असेल तर वेगळा बॉक्स किंवा स्टिक एचडीएमआयला लावा, ती पण माहिती घेते, पण तिला फक्त तिच्यावर चाललेलंच कळतं, तुमचा लॅपटॉप किंवा सेट टॉप बॉक्स कळत नाही. त्या स्टिकवर पायरी २ करायला विसरू नका.

पायरी ५: अपडेटनंतर परत बघा

व्हिझिओची जुन्या टीव्हींची गोष्ट आठवतेय ना, ती याचसाठी सांगितली. सॉफ्टवेअर अपडेट झाला की कधी मेनूची जागा बदलते, कधी नवीन करार समोर येतो आणि घरातलं कुणीतरी घाईत ओके दाबून मोकळं होतं. फॅक्टरी रिसेट केला तर सगळं पहिल्यापासून. म्हणून आज बंद केलेल्या स्क्रीनचे फोनवर फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी ते बघत बघत पाच मिनिटांत तपासून होतं. मावशीच्या टीव्हीचे फोटो तिच्या फोनमध्ये आहेत आणि तिला एवढंच सांगून ठेवलंय की लांबलचक मजकूर असलेली स्क्रीन आली तर ओके न दाबता मला व्हिडिओ कॉल कर. परवा केलाही होता, अपडेटनंतर 'सर्व मान्य' परत आलेलं, तिने स्वतः बाण दाबत वर जाऊन दोन टिका काढल्या.