सहाबांकडून एका वेळी एकच सवय

सहाबांची, म्हणजे प्रेषितांच्या (स.) सोबत्यांची, चरित्रे वाचली की माणूस पेटून उठतो. तहज्जुद (मध्यरात्रीनंतरची ऐच्छिक नमाज), सोमवार-गुरुवारचे रोजे, रोज एक पारा (कुराणाचा तिसावा भाग), सगळे एकदम सुरू करतो आणि पंधरवड्यात सगळेच सुटते. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रोज रोजा ठेवू पाहत होते. प्रेषितांनी (स.) त्यांना महिन्याला तीन रोजे सांगितले, त्यांनी हट्ट धरला तेव्हा एक दिवसाआड, त्यापुढे नाही. म्हातारपणी ते म्हणत, ती तीन रोज्यांची सवलत घेतली असती तर बरे झाले असते.

म्हणून एका चांद्रमहिन्यासाठी एकच सवय घ्या. सुरुवात हजरत बिलाल (रजि.) यांच्यापासून करावी. त्यांच्या पावलांची चाहूल प्रेषितांनी जन्नतमध्ये ऐकली आणि कारण विचारले. वुजू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणे) केला की जमेल तेवढी नमाज पढतो, एवढेच त्यांनी सांगितले. तुम्ही दोन रकात (नमाजेची दोन आवर्तने) धरा, तीही आधी फक्त जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजेच्या, वुजूनंतर. पहाटे बंदरावर जाणाऱ्याला फजरची (पहाटेच्या नमाजेची) वेळ घाईची पडते. नळ सोडून बसू नका, पाऊण लिटरचा तांब्या पुरतो. वुजू आणि नमाज यांच्या मध्ये फोन हातात घेतला की सवय तिथेच मोडते. सूरह (कुराणाचे अध्याय) छोट्या आणि अर्थ माहीत असलेल्या घ्या, म्हणजे मन भरकटत नाही. सवय बसली की असरलाही (दुपार कलल्यानंतरची नमाज) जोडा. कोकणात बहुतेक जमाती शाफई पंथाच्या, त्यामुळे असरची फर्ज (बंधनकारक नमाज) झाल्यावर वुजू केला तरी ही नमाज चालते. हनफी पंथाच्यांनी तेव्हा टाळावी.

पुढच्या महिन्यात चांद्रतारखांनी १३, १४, १५ चे रोजे घ्या. हे दिवस पुनवेच्या आसपासचे, खाडीकाठच्या माणसाला उधाणावरूनही कळतात. मोबाइलमधली तारीख पुष्कळदा सौदीची असते, एक दिवस पुढे; तारीख आपल्या मशिदीत विचारा. जिलहज्ज या हजच्या महिन्यात १३ ला रोजा मना आहे, त्या महिन्यात १४ पासून १६ पर्यंत ठेवा.

तिसरी सवय हजरत अबू बक्र (रजि.) यांची. आज रोजा कोणाचा, जनाजाबरोबर (अंत्ययात्रेबरोबर) कोण गेले, गरिबाला कोणी जेवू घातले, आजाऱ्याला कोण भेटले, या चारही प्रश्नांना एकाच दिवशी त्यांचे उत्तर ‘मी’ होते. यातले आजाऱ्याला भेटणे आपल्याकडे सर्वांत गरजेचे आहे. मुले मुंबईला नाहीतर आखातात, आणि घरात एकटी म्हातारी माणसे, अशी घरे प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. मगरीबआधी (सूर्यास्ताच्या नमाजेआधी) जा, थोडाच वेळ बसा, औषध संपले आहे का ते विचारा. फोटो काढू नका.

इशानंतर (रात्रीच्या नमाजेनंतर) वहीत एक ओळ लिहा: झाले की सुटले, आणि का. आपला हिशेब होण्याआधी आपणच तो करा, असे हजरत उमर (रजि.) सांगत. वही कोणाला दाखवायची नाही. लागोपाठ तीन दिवस सुटले तर वेळ बदलू नका, प्रमाण कमी करा: दोन सूरह वाचत असाल तर फक्त इखलास ही छोटी सूरह, रोजे तीन असतील तर एक.