सुई, दोरा आणि गप्पा: स्थलांतरित बायकांसाठी वर्कशॉप घ्यायचंय तर

पहिलं वर्कशॉप घेतलं तेव्हा मी सगळ्यांना गोल करून बसवलं आणि म्हटलं, चला, एकेकीने नाव सांगा, कुठून आलात ते सांगा आणि तुमची गोष्ट सांगा. सगळं चिडीचूप. एक जण बाथरूमला म्हणून उठली ती पंधरा मिनिटं आलीच नाही. मला तेव्हा वाटलं की बायका लाजाळू आहेत, नंतर हळूहळू डोक्यात प्रकाश पडला की हाच प्रश्न त्यांना आधीच किती ठिकाणी विचारून झालाय, कागदपत्रं करताना, खोली भाड्याने घेताना, पोरांच्या ॲडमिशनला, कामावर ठेवताना, आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर जरा इकडचं तिकडं झालं की काहीतरी अडलंय. मी आपली प्रेमाने विचारत होते पण त्यांच्या कानाला ती चौकशीच वाटली.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे, आधी हात मग तोंड. "वारसा" आणि "ओळख" हे शब्द तुमच्या अर्जात आणि पोस्टरवर राहू देत, खोलीत काढू नका. हातात काम असलं की नजर खाली असते, समोरचीच्या डोळ्यात बघायचं दडपण नसतं, मध्येच गप्प बसलं तरी विचित्र वाटत नाही कारण टाका चालूच असतो, आणि मग तिसऱ्या नाहीतर चौथ्या ओळीच्या टाक्याला कोणीतरी आपणहून बोलायला लागतं. तेव्हा तुम्ही फक्त मान डोलवायची. "वा, किती छान, अजून सांगा ना" असं म्हटलंत की संपलं.

गट आठ ते दहा जणींचा ठेवा, बाराच्या वर गेलात की गप्पांचे दोन तुकडे पडतात आणि एक कोपरा कायम गप्प राहतो. आठवड्यातून एकदा, दोन तास, असे निदान सहा वेळा भेटा. एका दिवसाच्या वर्कशॉपमध्ये वस्तू बनते, गोष्ट निघत नाही. वेळ ठरवायच्या आधी बायकांना विचारा, कारण तुम्हाला सोयीची दुपार म्हणजे कुणाची तरी कामाची पाळी असते आणि कुणाची पोरं शाळेतून यायची वेळ. पोरांसाठी बाजूला एक जागा आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस हवाच हवा, आणि जमलं तर येण्याजाण्याचा खर्च द्या, तोही सगळ्यांना सारखा, "ज्यांना गरज आहे त्यांनी सांगा" असं नको, सांगायला कोणी येत नाही.

सामानाचं म्हणाल तर फार काही लागत नाही. जाडसर सुती कापड, आधी धुऊन वाळवलेलं, नाहीतर नंतर आटतं आणि सगळं कापड चुरमुडतं. त्याचे ३० बाय ३० सेंटीमीटरचे चौकोन कापा आणि चारी बाजूंनी अडीच सेंटीमीटरवर पेन्सिलने रेघ मारा, त्या रेघेबाहेर टाका नको, पुढे तुकडे जोडायचे झाले तर ती जागा लागते. एम्ब्रॉयडरीचा दोरा सहा पदरी येतो, त्यातले दोनच पदर एका वेळी घ्यायचे, आणि दोरा बोटापासून कोपरापर्यंत इतकाच तोडायचा, लांब घेतला की गाठी पडतात आणि गाठी पडल्या की नवशिकी वैतागते. मोठ्या नेढ्याच्या सुया घ्या. आणि हे कुठल्याच यादीत नसतं पण मी सांगते, वाचायचे दोनतीन चष्मे वेगवेगळ्या नंबरचे टेबलावर ठेवून द्या. चाळिशी उलटलेल्या बऱ्याच जणी "मला नाही जमत हो शिवणकाम" म्हणतात ना, त्यातल्या अर्ध्या जणींना सुईचं नेढंच दिसत नसतं.

आणि सगळ्या बायकांना सुई-दोरा आवडतोच असं धरून चालू नका. आमच्याकडे एक जण होती, ती पहिल्या दोन्ही वेळा नुसती दुसऱ्यांच्या सुयांमध्ये दोरा ओवून देत बसली, स्वतः एक टाका घातला नाही. मला वाटलं येत नसेल. तिसऱ्या वेळी म्हणाली, ताई, मी अकरा वर्षं गारमेंटमध्ये कॉलर लावल्यात, दिवसाला किती लावल्या त्याचा हिशोब साहेब ठेवायचा, आता सुट्टीच्या दिवशी पण सुईच का? बरोबरच होतं तिचं! तिला माती दिली. म्हणून टेबलावर दुसरं काहीतरी पण ठेवा, माती, सुतळी, जुनी मासिकं आणि गोंद, काहीही.

पहिल्या दिवशी मी फक्त नाव घेते. आपलं नाव आपल्या लिपीत कापडावर लिहायचं आणि साध्या धावदोऱ्याने भरायचं, बस. साधं वाटतं पण याच्याइतकं काही चालत नाही. कारण नवीन जागी गेलं की पहिल्यांदा मोडतं ते नावच, कोणी अर्धं करतं, कोणी भलताच उच्चार करतं, फॉर्मवर आडनावाच्या जागी वडिलांचं नाव पडतं आणि मग ते आयुष्यभर तसंच राहतं. लिहिता येत नसेल तर शेजारचीने लिहून द्यायचं नाही, तिने खूण काढायची, फूल, नक्षी, हाताचा ठसा, जे तिला आपलं वाटेल ते. इंग्लंडमध्ये १८३० च्या सुमाराला एलिझाबेथ पार्कर नावाच्या घरकाम करणाऱ्या मुलीने आपल्या आयुष्यातलं सगळं वाईट-साईट लाल दोऱ्याने फुली टाक्यात कापडावर लिहून काढलं होतं, ते कापड आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, आणि ते वाक्याच्या मध्येच थांबतं. मी हे आवर्जून सांगते, कारण "माझं अर्धंच झालं" म्हणून ओशाळणाऱ्या दोघीतिघी प्रत्येक बॅचला असतात.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वस्तूंकडे या. घरून एक वस्तू आणायला सांगा, पण "परंपरेची वस्तू" असं म्हणू नका, नाहीतर बायका दुकानातून विकत आणतात, खरंच आणतात. "निघताना बॅगेत काय टाकलं होतं, नाहीतर काय राहून गेलं" एवढंच विचारा. राहून गेलेल्या वस्तू जास्त बोलक्या असतात. एकीने रिकामी मूठ पुढे केली आणि म्हणाली किल्ली, कुलूप लावून आलो पण किल्ली शेजारणीकडे राहिली. मग तिने ती किल्ली कापडावर काढली, दातेसुद्धा मोजून, तीन मोठे एक छोटा, आणि मग पूर्ण एक तास दार, उंबरा, शेजारीण, शेजारणीची मांजर असं सगळं निघालं. मी काही विचारलंच नव्हतं.

इथे एक खड्डा आहे. आपल्यासारख्या वर्कशॉप घेणाऱ्यांना "त्यांची अस्सल कला" बघायची फार हौस असते. अहो पण कला कुठे एका जागी थांबते? लाओसच्या डोंगरांतल्या मोंग लोकांचं बघा. १९७५ मध्ये तिथलं युद्ध संपल्यावर मेकाँग नदी ओलांडून ते थायलंडच्या छावण्यांमध्ये आले, त्यांच्या बायकांचं पूर्वापार भरतकाम म्हणजे नुसत्या भौमितिक नक्षी, माणसं-बिणसं त्यात काढत नव्हते. कापडावर युद्ध, नदी, बंदुका, पळणारी माणसं काढायची गोष्टी सांगणारी कापडं ही त्या छावण्यांमध्येच सुरू झाली, आणि विकायची म्हणून रंगसुद्धा गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे बदलले. आज तीच कापडं त्यांची ओळख म्हणून जगभर दाखवतात. पॅलेस्टिनी भरतकामाचं, ज्याला तत्रीझ म्हणतात, तेही तसंच, पूर्वी झग्यावरच्या नक्षीवरून बाई कुठल्या भागातली ते कळायचं, १९४८ च्या युद्धात घरं सुटल्यावर छावण्यांमध्ये ठिकठिकाणच्या बायका एकत्र आल्या आणि नक्षी मिसळल्या. २०२१ मध्ये युनेस्कोने तत्रीझ आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यामुळे तुमच्याकडची एखादी यूट्यूबवर बघून टाका शिकली असेल तर नाक मुरडू नका. आमच्या एका मुलीने तर व्हिडिओ कॉल लावून फोन ग्लासला टेकवून ठेवला आणि पलीकडून तिची मावशी ओरडत होती, उलटं टोचतेयस, उलटं! सगळा गट हसला, आणि मावशी पुढच्या सगळ्या भेटींना फोनवर हजर.

सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती मात्र चिलीच्या बायकांकडून घेतलेली आहे. १९७३ च्या लष्करी उठावानंतर तिथे माणसं गायब व्हायला लागली, तेव्हा सांतियागोमधल्या बायका चर्चच्या आधाराने चालणाऱ्या वर्कशॉपमध्ये जमून गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवायच्या, आर्पिएरा म्हणतात त्याला, छोट्या छोट्या बाहुल्या, घरं, मागे डोंगर. काही कापडांच्या पाठीमागे एक छोटा खिसा असायचा आणि त्यात चिठ्ठी. तर तुम्हीपण चौथ्या भेटीला तुकड्याच्या पाठीमागे बोटभर उंचीचा खिसा शिवून घ्या, तिन्ही बाजूंनी टीप आणि वर उघडा. त्यात जे पुढच्या बाजूला दाखवायचं नाही ते कागदावर लिहून नाहीतर चित्र काढून घडी करून टाकायचं. कोणी उघडणार नाही, तुम्हीसुद्धा नाही, आणि हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. हवं तर तिने नंतर तोंडही शिवून टाकावं. मला आजवर एकाही चिठ्ठीत काय आहे ते माहीत नाही आणि त्या दिवशी खोलीत जी शांतता असते ती पहिल्या वर्कशॉपच्या शांततेसारखी अजिबात नसते.

भाषेचं काय करायचं हे सगळे विचारतात. प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत बसू नका, गोष्टीचा जीव जातो. एखादी तिच्या भाषेत बोलली आणि बाकीच्यांना कळलं नाही तरी चालतं, सूर कळतो, हात कळतात. नंतर तिला वाटलं तर दोन वाक्यांत सांगेल. दुभाषी लागणारच असेल तर एक काळजी घ्या, ती त्याच वस्तीतली, त्याच ओळखीतली असेल तर बायका तोंड उघडत नाहीत, कारण उद्या सगळीकडे बोभाटा. आधी एकेकीला बाजूला घेऊन विचारा की ही बसलेली चालेल का. आणि एकाच देशाच्या दोघींना "तुमचं छान जमेल" म्हणून शेजारी बसवू नका. मी बसवलंय, त्यांच्या घरची माणसं एकाच भांडणाच्या दोन बाजूंना होती. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

रडू येतं. येणारच. अशा वेळी घाबरून विषय बदलू नका आणि जवळ जाऊन मिठीही मारू नका, न विचारता नको. पाणी द्या, शेजारी बसा, काम हातात राहू द्या, बाहेर जायचंय का एवढं विचारा. खोदून विचारणं आपलं काम नाही, आपण समुपदेशक नाही. पण ज्या समुपदेशकाकडे पाठवता येईल तिचा नंबर पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे हवा, आणि तिच्याशी तुम्ही आधी बोललेलं हवं. शेवटची पंधरा मिनिटं तर हलकीच ठेवायची, दोरे गुंडाळणं, सुया मोजणं, पुढच्या वेळी कोण काय आणणार. मोकळी जखम घेऊन कोणालाही घरी पाठवायचं नाही. आणि सुया खरंच मोजा हो, खाली पोरं रांगत असतात.

आता परवानगी. हे कंटाळवाणं आहे पण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात. पहिल्या दिवशी सगळ्यांकडून एका कागदावर सह्या घेतल्या म्हणजे झालं असं नाही, पहिल्या दिवशी तिलाच माहीत नसतं ती काय सांगणार आहे. शेवटच्या भेटीला एकेकीला, एकटीला, तिच्या भाषेत विचारा: हे खोलीतच ठेवायचं, की नाव न लावता दाखवायचं, की नावासकट? चेहऱ्याचा फोटो वेगळा विचारा, कापडाचा वेगळा, आवाजाचा वेगळा. काही जणींचा ठावठिकाणा कुणाला कळणं धोक्याचं असतं, तिथे मागे दिसणारी खिडकी सुद्धा फोटोत नको. आणि "नंतर नको वाटलं तर फोन करा, काढून टाकू" असं सांगायचं आणि खरंच काढायचं.

प्रदर्शन लावणार असाल तर खालची पाटी कोण लिहिणार हे आधी ठरवा. माझ्या मते तिनेच, नाहीतर कोणीच नाही. आयोजकांनी लिहिली की त्यात "वेदना" येते, "संघर्ष" येतो, आणि बाईने बिचारीने मांजर काढलेली असते. तुकडे विकले गेले तर पैसे कोणाचे हा प्रश्नच नको, तिचे.

शेवटच्या भेटीला तुकडे जोडून एक मोठी गोधडी करायचा मोह सगळ्यांना होतो, करा, पण कच्च्या टाक्याने जोडा, उसवता येईल असं. आमच्याकडे जोडून झाल्यावर एक जण म्हणाली मला माझा घरी न्यायचाय, मग दिला काढून, मध्ये चौकोनी भोक राहिलं ते तसंच लावलं भिंतीवर, लोक विचारत होते इथे काय होतं, आम्ही म्हटलं आहे एकीच्या घरी. बाकीच्या सगळ्यांना जाताना सुई, दोन लड्या आणि एक कोरा चौकोन पिशवीत घालून द्या, आणि पुढच्या बॅचची तारीख तिथल्या तिथे सांगून टाका, नाहीतर महिनाभर फोन येत राहतात.