जुन्या टॅबला अपडेट आलंय, मारायचं की नाही?

सेटिंग्जच्या चित्रावर तो लाल १ दिसायला लागला की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते फुकट आहे तर टाकून घ्या, दुसरी म्हणते चाललंय ना नीट, मग नसती उठाठेव कशाला. दोन्ही पार्ट्यांनी ते अपडेट उघडून वाचलेलं मात्र नसतं. सगळा निर्णय तिथेच आहे हो, कारण अपडेट दोन जातींची असतात आणि दोघांना एकच नियम लावला की गडबड होते.

छोटं अपडेट म्हणजे आकड्याचं फक्त शेपूट बदलतं. आयपॅडवर १७.७.९ चं १७.७.१० झालं, ते छोटं. अँड्रॉइडवर आकडा तोच राहतो आणि खाली 'सिक्युरिटी पॅच' म्हणून महिना आणि साल पुढे सरकतं, तेही छोटं. ही अपडेट्स डोळे झाकून घ्या, टॅब कितीही म्हातारा असू दे. कारण साधं आहे, कंपनीने पॅच काढला की त्यासोबत कोणतं भोक बुजवलं याची यादी जाहीर होते, आणि ती यादी चोरही वाचतात, म्हणजे ज्यांनी अपडेट घेतलं नाही त्यांचं दार कुठून उघडं आहे हे आता सगळ्या गावाला माहीत. म्हणूनच तर ॲपलने २०१३ च्या पहिल्या आयपॅड एअरला जानेवारी २०२३ मध्ये सुद्धा १२.५.७ पाठवलं, नवीन काही द्यायला नाही, फक्त भोक बुजवायला.

मोठं अपडेट म्हणजे पुढचा आकडाच बदलतो, १७ चं १८, अँड्रॉइड ११ चं १२ वगैरे. इथे मात्र थांबायचं.

आधी तुमच्याकडे नेमकं काय आहे ते शोधा. मागे मोठ्या अक्षरात आयपॅड किंवा गॅलक्सी टॅब लिहिलेलं असतं त्यावरून काही कळत नाही, सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट, तिथे मॉडेल नंबर असतो (आयपॅडवर त्या नंबरवर एकदा बोट लावलं की ए ने सुरू होणारा दिसतो), अँड्रॉइडला अबाउट टॅबलेट. ए१८९३ दिसलं तर तो २०१८ चा सहाव्या पिढीचा वायफाय आयपॅड, २ जीबी रॅमचा (रॅम म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी), त्याची गाडी १७ वर संपली. सातव्या पिढीचा, २०१९ चा, ३ जीबीवाला १८ पर्यंत जातो. आठवी पिढी, २०२० ची, तिलाही रॅम ३ जीबीच पण चिप ए१२, त्यामुळे तिला सप्टेंबर २०२५ मध्ये आलेलं २६ सुद्धा चालतं (१८ नंतर एकदम २६, ॲपलने आकडे सालाप्रमाणे लावायला घेतले म्हणून, मधली सात व्हर्जन तुमची हुकलेली नाहीत, काळजी करू नका). सॅमसंगमध्ये एसएम-टी५०० म्हणजे २०२० चा टॅब ए७, अँड्रॉइड १० वर आला आणि १२ वर थांबला, रॅम ३ जीबी.

आता यात बघण्यासारखं काय, तर 'चालतं' आणि 'पळतं' यातला फरक. कंपनी यादीत नाव देते म्हणजे टॅब चालू होईल आणि ॲप उघडतील एवढंच, पण ३ जीबी रॅममध्ये नवीन सिस्टीम स्वतःच बरीच जागा धरून बसते, मग यूट्यूबवरून क्रोममध्ये गेलं आणि परत आलं की यूट्यूब पहिल्यापासून लोड होतं, कीबोर्ड अर्धा सेकंद उशिरा येतो. माझा स्वतःचा ठोकताळा असा की ४ जीबी किंवा वर रॅम असेल तर मोठं अपडेट सहसा घ्यावं, २ किंवा ३ जीबी असेल आणि येऊ घातलेलं व्हर्जन त्या टॅबचं शेवटचं असेल तर घाई करायची नाही, दोन-तीन छोटी अपडेट त्या नव्या व्हर्जनला येऊ द्या, पहिल्या फेरीतली किडूकमिडूक निघून जाते. आयपॅडवर नवीन व्हर्जन आल्यावर काही काळ जुन्याच व्हर्जनचं सुरक्षेचं अपडेटही बाजूला दिसतं, खाली 'इतर उपलब्ध' असं बघा, तेवढे दिवस तो रस्ता चांगला. कायमचा नसतो मात्र.

मोठं अपडेट घ्यायलाच लावणारं एकच कारण मला पटतं, ते म्हणजे रोजचं ॲप बंद पडणं. व्हॉट्सॲपला मे २०२५ पासून आयफोन-आयपॅडवर किमान १५.१ लागतं. क्रोमचं १३८ हे अँड्रॉइड ८ आणि ९ साठी शेवटचं, १३९ पासून अँड्रॉइड १० हवं, म्हणजे ९ वर बसलेल्या टॅबमध्ये ब्राउझर आज चालतोय पण नवे पॅच त्याला मिळत नाहीत. तुमच्या टॅबला पुढचं व्हर्जन उपलब्ध असेल आणि असं काही अडलं असेल तर स्पीड थोडा गेला तरी अपडेट घ्या. पण उलटंही होतं हे विसरू नका. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं तेव्हा जुनी ३२ बिटची सगळी ॲप एका झटक्यात बंद झाली, पैसे देऊन घेतलेले पोरांचे गेम सुद्धा. म्हणून ज्या ॲपवर तुमचं काम अवलंबून आहे त्याचं शेवटचं अपडेट कधी आलं हे स्टोअरमध्ये बघून घ्या, तीन-चार वर्षं कोणी हातच लावला नसेल तर ते नव्या सिस्टीमवर चालेलच याची खात्री धरू नका.

नाशिकजवळ दिंडोरीकडे आमच्या मामांची द्राक्षबाग आहे, त्यांच्या टॅबमध्ये प्लॉटवार फवारणीची डायरी असते, कुठल्या तारखेला कोणतं औषध, डोस किती, पीएचआय (फवारणी आणि काढणी यात ठेवायचं अंतर) किती दिवसांचा. ऑक्टोबर छाटणी झालेली, पाऊस लांबलेला, डावणी रोगाच्या भीतीने फवारण्यांवर फवारण्या चालू, आणि नेमका तेव्हा फोन, "काय रे, हे अपडेट मागतंय, दाबू का?" मी म्हटलं मामा, आत्ता नको, माल निघाल्यावर बघू. निर्यातीच्या प्लॉटची नोंद आहे ती, टॅब दोन दिवस आडवा झाला तर नंतर आठवणीवरून लिहीत बसाल. हे सगळ्यांनाच लागू आहे, पोरांची परीक्षा, दुकानाचं मार्च एंडिंग, अशा काळात मोठं अपडेट नको म्हणजे नकोच. छोटं चालेल, ते सुद्धा रात्री.

आणि एक मोठा गैरसमज. खूप जणांना वाटतं की नाही आवडलं तर फॅक्टरी रिसेट मारू, जुनं परत येईल. नाही येत! रिसेटने तुमचा डेटा जातो आणि आहे तेच नवं व्हर्जन कोरं होऊन समोर येतं, म्हणजे तेलही गेलं तूपही गेलं. आयपॅडवर जुनं व्हर्जन टाकायला ॲपलच्या सर्व्हरची सही लागते आणि नवं आल्यावर थोड्याच दिवसांत जुन्याला सही देणं बंद होतं, शिवाय नव्या व्हर्जनवर घेतलेला बॅकअप जुन्यात घालता येत नाही. सॅमसंगमध्येही बूटलोडरचा (टॅब सुरू करून सिस्टीम उघडणारा आतला प्रोग्राम) आकडा एकदा वाढला की खालचं व्हर्जन तो घेतच नाही. म्हणजे हा एका दिशेचा रस्ता आहे असं धरूनच बटन दाबायचं.

दाबायचं ठरलं तर आधीची तयारी. बॅकअप घ्या आणि घेतला म्हणून सोडून देऊ नका, दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर त्यातले दोन फोटो उघडून बघा. व्हॉट्सॲप त्या टॅबवरच मुख्य असेल तर त्याचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. मग पासवर्ड. आपल्याकडे घरातल्या मोठ्यांच्या टॅबमध्ये गुगलचं किंवा ॲपलचं अकाउंट बहुतेक वेळा दुकानातल्या पोराने काढून दिलेलं असतं, पासवर्ड त्याने काय टाकला ते त्यालाही आठवत नाही, नंबर जुना, बंद पडलेला. अपडेटमध्ये काही अडकलं आणि रिसेट करायची वेळ आली तर हाच पासवर्ड मागतात, नसेल तर टॅब कुलूप लावून बसतो. आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या टॅबचं असंच झालं, ज्या दुकानात घेतला तिथे हात वर केले. त्यामुळे आधी अकाउंटमध्ये जाऊन पासवर्ड नवा टाका, रिकव्हरीला आजचा चालू नंबर द्या, कागदावर लिहून पासबुकच्या कव्हरमध्ये ठेवा.

जागा बघा. अपडेटच्या पानावर साइज लिहिलेली असते, तिच्या दुप्पट तरी रिकामी ठेवा, ३२ जीबीच्या टॅबमध्ये गुड मॉर्निंगचे व्हिडिओ उडवले तरी बऱ्यापैकी निघते. जागा होतच नसेल तर आयपॅड केबलने कॉम्प्युटरला लावून अपडेट करता येतो, तिथे टॅबमध्ये कमी जागा लागते. चार्जरला लावून ठेवा, निदान निम्मी बॅटरी असू द्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मोठं अपडेट घेऊ नका, रोजच्या दीड-दोन जीबीत ते मावत नाही आणि अर्ध्यात लटकतं. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे लाईट येते-जाते, त्यात डाउनलोड तुटलं तर फार बिघडत नाही, पुन्हा सुरू होतं, पण इन्स्टॉल चालू असताना टॅब बंद पडू द्यायचा नाही. पट्टी एका जागी अडकल्यासारखी वाटली तरी तासभर हात लावू नका.

झाल्यावर पहिले एक-दोन दिवस टॅब गरम होईल, हळू चालेल, बॅटरी भराभर उतरेल. आत फोटोंची, ॲपची सगळी नव्याने जुळवाजुळव चालू असते. त्यावरून लगेच निकाल देऊ नका, रात्रभर चार्जिंगला आणि वायफायवर ठेवा, सकाळी एकदा रिस्टार्ट. तरीही रेंगाळत असेल तर आयपॅडवर ॲक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन रिड्यूस ट्रान्स्परन्सी आणि रिड्यूस मोशन चालू करा, २६ च्या त्या काचेसारख्या दिसण्याला जुन्या टॅबवर तसाही अर्थ नाही. अँड्रॉइडला त्याच ॲक्सेसिबिलिटीत ॲनिमेशन काढायचा पर्याय असतो.

ज्याला अपडेटच येत नाही असा टॅब फेकायचा का? मुळीच नाही. भजनं, रेसिपी, पोरांचे व्हिडिओ, क्रिकेट, यासाठी तो अजून कितीतरी दिवस चालेल. फक्त त्यात बँक नको आणि मुख्य ईमेल तर अजिबात नको, कारण बाकी सगळ्या अकाउंटचे पासवर्ड बदलायची चावी ईमेलमध्ये असते. वेगळं साधं अकाउंट काढून टाका त्याच्यासाठी.

नाशिकच्या एम.जी. रोडला दोन-तीन दुकानं फिरलात तर कोणीतरी म्हणेलच, द्या इकडे, नवीन अँड्रॉइड टाकून देतो. ते कंपनीचं नसतं, कस्टम रॉम असतं, म्हणजे बाहेरच्या लोकांनी बनवलेली सिस्टीम. चालतं चांगलं कधीकधी, हौसेला मी नाही म्हणणार नाही, पण त्यासाठी बूटलोडर उघडावा लागतो, सॅमसंगमध्ये नॉक्सचा (त्यांच्या सुरक्षा व्यवस्थेचा) फ्यूज कायमचा उडतो, बँकेची ॲप बऱ्याचदा नकार देतात आणि नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी चित्र एचडीचं साधं होऊ शकतं. आई-बाबांच्या टॅबवर हा प्रयोग नको. आणि वेबसाइटवर 'तुमचा टॅब जुना झालाय, लगेच अपडेट करा' असं उडी मारून आलं किंवा व्हॉट्सॲपवर कोणी एपीके (ॲपची फाइल) पाठवली तर ती शंभर टक्के भानगड. खरं अपडेट सेटिंग्जमध्येच येतं, दुसरीकडून नाही.

शेवटचं काम पाच मिनिटांचं. आयपॅडवर सॉफ्टवेअर अपडेटमध्ये ऑटोमॅटिक अपडेट्स उघडा, मोठं आपोआप इन्स्टॉल होणारं बटन बंद करा, पण सिक्युरिटी रिस्पॉन्सचं बटन दिसलं तर ते चालूच ठेवा. अँड्रॉइडला डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (सेटिंग्जमधला एरवी लपलेला मेनू) ऑटोमॅटिक सिस्टीम अपडेट्स असतं, ते बंद. मग महिन्यातून एकदा स्वतः जाऊन बघायचं, शेपूट बदललंय की पुढचा आकडा.