जुन्या बुलेटची ऑइल गळती घरच्या घरी कशी थांबवावी

‘बुलेट आहे, ऑइल गळणारच,’ असं जळगाव-धुळ्याकडे कुणीही सहज म्हणून जातं. मला ते मुळीच पटत नाही. मूळची इंग्लंडची, १९५५ मध्ये मद्रासला आलेली ही कास्ट आयर्न इंजिनाची गाडी नीट बसवली तर कोरडी राहते.

आधी थंड इंजिन डिझेल आणि ब्रशने धुवा. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ ऑइलवर बसून असा थर धरते, की गळती कुठली ते कळतच नाही. कोरडं पुसून टाल्कम पावडर मारा आणि जळगावहून नशिराबादपर्यंत चक्कर मारून या. पावडर जिथे जिथे ओली झाली, त्यातली सगळ्यात वरची जागा धरा. ऑइल खाली ओघळतं, वाऱ्याने मागेही जातं.

लगेच गॅस्केट (जोडातलं पॅकिंग) आणायला धावू नका. आधी ब्रीदर, म्हणजे इंजिनची हवा बाहेर सोडणारी नळी बघा. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीतली हवा तिथून बाहेर पडते, वर जाताना त्याचं चोचीसारखं रबर मिटतं. उन्हाने आणि वयाने ते कडक होतं, आत दाब साचतो आणि ऑइल मिळेल त्या जोडातून बाहेर येतं. बोटांनी दाबून बघा. कडक किंवा चिरलेलं असेल तर बदला.

डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, गाडी चालवून आल्यावरच पाहायची. उभ्या गाडीत ऑइल त्याच्या कप्प्यातून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं, पातळी कमी दिसते, आपण वरून ओततो आणि तेच जास्तीचं बाहेर पडतं.

एवढं करूनही टॅपेट कव्हर (इंजिनच्या बाजूचं टॅपेटवरचं झाकण) ओलं होत असेल, तर पॅकिंग बदला. जुनं पॅकिंग स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच पाझरतं. प्लास्टिकची पट्टी वापरा. कव्हर काचेवर पालथं ठेवा. डुगडुगलं, तर काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून त्यावर गोल गोल घासा. हे कव्हर मधल्या एकाच नटावर बसतं, त्यामुळे जोर लावून आवळलं की कडा उचलतात. जोड बुजवायचं सिलिकॉनही हात राखून लावा, आत सुटलेला तुकडा ऑइलची वाट बुजवतो.

क्लच कव्हरमधलं ऑइल वाढतंय आणि इंजिनमधलं कमी होतंय, असं दिसलं तर क्रँकचं सील गेलं समजा. त्यासाठी क्लच आणि चेन उतरवावी लागते. पुलर (घट्ट बसलेले भाग ओढून काढायचं हत्यार) नसेल तर हे काम मिस्त्रीकडेच द्या.